ट्रक किती थांबतो, हे डेटाबेसला विचारताना

भिवंडी म्हटलं की बाहेरच्यांना मागांचा खडखडाट आठवतो. पण माणकोली, काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडे हा पट्टा आता गोदामांचा आहे. मुंबईत जकात होती तोवर शहराच्या हद्दीबाहेर माल उतरवून ठेवणं व्यापाऱ्यांना परवडायचं. मुंबई-नाशिक महामार्ग दाराशी, न्हावाशेवा बंदर आवाक्यात. १ जुलै २०१७ला जीएसटी आला, जकात गेली, गोदामं मात्र राहिली.

अशाच एका गोदामाच्या ऑफिसात मी गेटच्या नोंदी सांभाळते. गाडी आत आली की एक वेळ, डॉकला लागली की दुसरी, माल उतरून गेटपास झाला की तिसरी. महिनाअखेरीला वरून एकच प्रश्न येतो : गाडी सरासरी किती थांबते? त्यावर हॉल्टिंगचे पैसे ठरतात, उतरवणीला टोळीत किती माणसं लावायची ते ठरतं. सरासरी हे या प्रश्नाचं पुरेसं उत्तर नाही, असं माझं ठाम मत आहे. आणि जे उत्तर पुरेसं आहे, ते काढायला डेटाबेसलाच शिकवलं पाहिजे. दहा जणांच्या दहा एक्सेल फायलींवर ते सोडता कामा नये.

चार गाड्या घ्या. त्या ४०, ५०, ४५ आणि १०५ मिनिटं थांबल्या. सरासरी येते ६०. पण तीन गाड्या तासाच्या बऱ्याच आधी सुटल्या, एक पावणेदोन तास अडकली, आणि बरोबर तासभर थांबलेली एकही नाही. आमच्या मुकादमांनी अहवाल वाचून विचारलं होतं, “ताई, तासात गाडी मोकळी होते असं तुम्ही लिहिलंय, मग तो चौथा ड्रायव्हर रोज माझ्याशी का भांडतो?” प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर सरासरीत नसतं. आकडे तिच्यापासून किती लांब पसरलेत, ते पाहावं लागतं. हा पसारा मोजतात प्रमाण विचलनाने. इथे ते साधारण ३० मिनिटं येतं, म्हणजे सरासरीच्या निम्मं. गाड्या एका चालीने सुटत नाहीत, हे त्या एका आकड्यावरून कळतं.

डेटाबेसला अनेक ओळींतून एक उत्तर काढता येतं. मोजणी, बेरीज, सरासरी, सर्वांत लहान, सर्वांत मोठा, एवढं जवळपास सगळीकडे तयार मिळतं. त्यापुढे मात्र ज्याची त्याची तऱ्हा. आम्ही गेटवर वापरतो तो एसक्यूलाइट रिचर्ड हिप यांनी २००० साली आणला. तो छोटा, फुकट आणि भरवशाचा आहे, पण त्याच्या मूळ गाभ्यात प्रमाण विचलन नाही. त्याने दार मात्र उघडं ठेवलं आहे : तुमचं फंक्शन तुम्ही लिहा, नाव सांगा, मी ते बेरजेइतक्याच सहजपणे चालवीन.

लिहायला लागतं फार थोडं. पायथनमध्ये एक क्लास करायचा. सुरुवातीला हातात काय असेल, ते त्यात सांगायचं. ‘स्टेप’ नावाच्या भागात, नवी ओळ आली की काय करायचं ते. ‘फायनलाइज’मध्ये, ओळी संपल्यावर काय उत्तर द्यायचं ते. मग ‘क्रिएट_ॲग्रिगेट’ला फंक्शनचं नाव आणि हा क्लास द्यायचा. त्यानंतर क्वेरीत गोदामानुसार, वारानुसार, ट्रान्सपोर्टरनुसार गट पाडले, तर डेटाबेस प्रत्येक गटासाठी हे काम आपणहून वेगळं चालवतो.

‘स्टेप’मध्ये काय घडतं ते आपल्या चार गाड्यांवर पाहू. हातात तीनच गोष्टी ठेवायच्या : गाड्या किती झाल्या, आतापर्यंतची सरासरी, आणि फरकांच्या वर्गांची बेरीज. पहिली गाडी ४० मिनिटांची. मोजणी १, सरासरी ४०, बेरीज शून्य. दुसरी ५०. जुन्या सरासरीपासून ती १० लांब आहे. नवी सरासरी ४५, आणि तिच्यापासून ५ लांब. १० गुणिले ५, म्हणजे बेरजेत ५० पडले. तिसरी ४५ची. ती सरासरीवरच बसली, बेरीज जागची हलली नाही. चौथी १०५ची. जुन्या सरासरीपासून ६० लांब. नवी सरासरी ६०, तिच्यापासून ४५ लांब. ६० गुणिले ४५, २७०० वाढले, बेरीज २७५०. आता ‘फायनलाइज’ : २७५० भागिले ३, आणि त्याचं वर्गमूळ. उत्तर ३०.३च्या आसपास. एकही जुनी गाडी पुन्हा उघडून पाहावी लागली नाही. गाड्या चार असोत की चार लाख, हातात तीनच आकडे.

ही रीत बी. पी. वेलफर्ड यांनी १९६२ साली ‘टेक्नोमेट्रिक्स’ या नियतकालिकात मांडली. शाळेत शिकवलं जाणारं सूत्र याहून सोपं दिसतं : सगळ्या वर्गांची बेरीज करा, त्यातून बेरजेच्या वर्गाचा हिस्सा वजा करा. कागदावर दोन्ही एकच. संगणकात नाहीत. आमच्या नोंदींतल्या वेळा १ जानेवारी १९७०पासूनच्या सेकंदांत साठतात, म्हणजे प्रत्येक वेळ दहा अंकी. गाड्या गेटवर किती विखरून येतात हे पाहायला त्या वेळांचाच पसारा काढायचा म्हटलं, तर प्रत्येक आकड्याचा वर्ग एकोणीस अंकी होतो, आणि नेहमीच्या दशांश आकड्यात खरे अंक मावतात पंधरा-सोळा. दोन प्रचंड आणि जवळपास सारख्या संख्यांची वजाबाकी होते, कामाचे अंक नेमके तिथेच गळतात. उत्तर कधी कधी ऋण येतं, आणि ऋण आकड्याचं वर्गमूळ कोण काढणार? पोस्टग्रेसक्यूएलसारख्या मुरलेल्या डेटाबेसनेही दशांश आकड्यांसाठी जास्त अचूक पद्धत घेतली ती २०१९च्या १२व्या आवृत्तीत.

आपलं फंक्शन डेटाबेसच्या आत टाकता यावं, ही कल्पना पोस्टग्रेसच्या पायातच आहे. बर्कलीला मायकेल स्टोनब्रेकर आणि लॉरेन्स रो यांनी १९८६ साली त्याचा आराखडा मांडला, तेव्हापासून वापरणाऱ्याने आपले प्रकार आणि आपली फंक्शनं आणावीत असा त्यांचा आग्रह होता. स्टोनब्रेकर यांना पुढे २०१४चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. पोस्टग्रेसमध्ये एक जास्तीचा भाग देता येतो : दोन अर्धवट हिशेब एकत्र कसे करायचे. २०१६च्या ९.६ आवृत्तीपासून तो एकच मोठा हिशेब अनेक प्रोसेसरवर वाटू लागला, तेव्हा याची गरज पडली. आमच्या कामात याला थेट अर्थ आहे, कारण गेटं दोन आहेत. पहिल्या गेटवर ४० आणि ५० : सरासरी ४५, बेरीज ५०. दुसऱ्यावर ४५ आणि १०५ : सरासरी ७५, बेरीज १८००. नुसत्या ५० आणि १८०० मिळवल्या तर चुकतं, कारण दोन गेटांच्या सरासरीतला ३० मिनिटांचा फरक हाही पसाराच आहे. त्याचे ९०० धरले की पुन्हा २७५०. चॅन, गोलब आणि लेव्हेक यांनी हे जोडणीचं सूत्र १९७९ साली दिलं.

मध्यकाचं मात्र असं होत नाही. चार गाड्या क्रमाने लावल्या की मधला आकडा ४७.५ येतो, पण दोन गेटांच्या मध्यकांवरून तो काढायला कुठलंही सूत्र नाही. सगळे आकडे जवळ ठेवावेच लागतात. जिम ग्रे आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात ही विभागणी स्पष्ट केली : काही मापं चार-दोन आकड्यांवर भागतात, काहींना अख्खा ढीग लागतो. ‘दहातल्या नऊ गाड्या किती वेळात सुटतात’ हे माप दुसऱ्या जातीचं. पोस्टग्रेसमध्ये ते २०१४च्या ९.४ आवृत्तीपासून तयार मिळतं. एसक्यूलाइटसाठी आम्ही स्वतः लिहिलं, आणि हॉल्टिंगची बोलणी करायची तर याच आकड्यावर करावीत, असा माझा हट्ट आहे.

सरासरीवर किती भार टाकायचा, हा वाद आपल्याकडे जुना आहे आणि तो गोदामांहून कितीतरी मोठ्या प्रश्नावर झाला. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली दारिद्र्य मोजताना माणशी दिवसाला २२५० उष्मांकांची सीमा धरली. साताऱ्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांचं म्हणणं होतं की माणसांची गरज एका आकड्याभोवती पसरलेली असते, म्हणून सरासरीच्या खालचा प्रत्येक जण उपाशी धरता येत नाही. कोण बरोबर यावर दांडेकर आणि सुखात्मे यांच्यात १९८०च्या दशकातही खडाजंगी चालूच होती. पसारा धरला की न धरला, यावर देशातल्या भुकेल्यांची संख्या बदलत होती. मला तरी संख्याशास्त्र एवढं गंभीर कुठेच वाटलेलं नाही.

फंक्शन स्वतः लिहिताना आणखी एक जबाबदारी अंगावर येते : रिकामी जागा. गेटपासची वेळ नोंदवायची राहिली तर ती ओळ ‘नल’ येते. पायथनच्या ‘स्टेप’मध्ये ती जशीच्या तशी पोचते, आणि तिला शून्य समजलं तर शून्य मिनिटांत सुटलेली गाडी तयार होते. ती ओळ वगळायची आणि किती वगळल्या ते वेगळं मोजायचं. एकच गाडी असेल तर भागायला शून्य उरतं, तिथे उत्तर द्यायचंच नाही. याहून अवघड आहे ती अजून आवारात उभी असलेली गाडी. तिला सुटण्याची वेळच नाही, म्हणून ती हिशेबातून बाहेर पडते, आणि नेमकी सर्वांत जास्त अडकलेली गाडी अहवालात दिसत नाही. आमच्या फंक्शनला आता दोन स्तंभ जातात, थांबलेली मिनिटं आणि गाडी सुटली की नाही. न सुटलेल्या गाडीची मिनिटं अहवाल काढण्याच्या क्षणापर्यंतची धरतो, आणि अशा गाड्या किती होत्या हे उत्तराशेजारी छापतो.

गेटबाहेर रस्त्यावर लागलेल्या रांगेची नोंद मात्र कुठेच होत नाही. पावसाळ्यात माणकोलीला वाहतूक तुंबली की गाडी आत यायच्या आधीच तास-दीड तास जातो, आणि ड्रायव्हरच्या लेखी थांबणं तिथूनच सुरू होतं. गेटवरच्या रखवालदाराने रांगेतल्या गाडीचा नंबर आणि वेळ फोनवर टिपावी, एवढीच मागणी मी सध्या लावून धरली आहे. फंक्शनमध्ये त्यासाठी एक अक्षरही बदलावं लागणार नाही.