हिडकलच्या काठी मे महिना

उन्हाळ्याची सुटी जवळ आली की सीमाभागातील कुटुंबांना पंचांगाआधी शाळांचे वेळापत्रक पाहावे लागते. कर्नाटकातील शाळा मेअखेरीस उघडतात, तर महाराष्ट्रातील जूनच्या मध्यास. निपाणीचे आम्ही आणि पुण्यास स्थायिक झालेले आमचे धाकटे बंधू, ह्यांची मुले एका छपराखाली यावयाची तर मे महिन्यावाचून गत्यंतर नाही. ह्या महिन्यातले आठ-दहा दिवस आम्ही गेली कित्येक वर्षे हिडकल जलाशयाच्या काठी, दोन खणांच्या एका कौलारू घरात काढीत आलो आहोत.

हे घर आमच्या मामांचे. निपाणीहून निघून संकेश्वरजवळचा वल्लभगड मागे टाकला आणि हत्तरगीच्या पुढे महामार्ग सोडला की थोड्याच वेळात पाणी दिसू लागते. घरात सोय म्हणावी अशी काही नाही. अंगणात एक आंब्याचे झाड, मागे चूल आणि रात्री अंगणातच अंथरलेल्या सतरंज्या. जोंधळ्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा खर्डा आणि कैरीचे तक्कू ह्यांवर मुले दोन वेळा तुटून पडतात. घरी ज्यांना भाजीत खोट काढावीशी वाटते तीच ही मुले, हे पाहून आमच्या सौभाग्यवतींस दरवर्षी नव्याने आश्चर्य वाटते.

वाचकांपैकी ज्यांनी हा जलाशय पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. सह्याद्रीत उगम पावलेली घटप्रभा चंदगड तालुक्यातून वाहत बेळगाव जिल्ह्यात उतरते आणि पुढे कृष्णेस मिळते. हुक्केरी तालुक्यात हिडकल येथे तिच्यावर बांधलेले हे धरण 1977 साली पूर्ण झाले. त्यास राजा लखमगौडा ह्यांचे नाव आहे. बेळगावातील विधी महाविद्यालयही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. धरणाची साठवण क्षमता सुमारे 51 टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, अर्थात सुमारे 2,831 कोटी लिटर. गोकाक-रायबागपासून बागलकोट जिल्ह्यापर्यंतची शेते ह्या पाण्यावर पिकतात, आणि बेळगाव शहरास राकसकोपबरोबर हिडकलचेही पाणी मिळते. पाऊस पडतो तो महाराष्ट्राच्या घाटमाथ्यावर, पाणी साठते ते कर्नाटकात. दोन्हीकडच्या तहानलेल्यांस हा हिशेब ठाऊक असलेला बरा.

मे महिन्यात मात्र जलाशय आपले दुसरे रूप दाखवितो. पाणी मागे हटते, काठचा गाळ उघडा पडतो आणि वर्षातील बराच काळ पाण्यात असलेले हुन्नूरचे विठ्ठलमंदिर पुन्हा दिसू लागते. पाणी पुरेसे उतरले की भाविक तेथवर जातात. ज्या दैवतास आपल्या संतांनीच कर्नाटकाचे मानले, त्याच्या दर्शनास कानडी आणि मराठी माणसे एकाच वाटेने चालत जातात, ह्यात काठच्या लोकांना काहीच नवल वाटत नाही.

आमच्या आईचे माहेर ह्याच काठचे. तिचे लग्न होऊन ती निपाणीस आली आणि काही वर्षांतच माहेरचे घर पाण्याखाली गेले. पाणी चढण्यापूर्वी आजोबांनी तुळया, दारे आणि चौकट उतरवून गाडीत घातली व वरच्या अंगास नवे घर उभारले. आम्ही ज्या घरात सुटी काढतो त्याची चौकट ती हीच. आई त्या उंबऱ्यावर बसून शेंगा सोलते. पण खाली गाळाकडे ती इतक्या वर्षांत एकदाही उतरली नव्हती. आम्ही मुलांना मंदिर दाखवून आणीत असू, ती चूल सांभाळीत असे. गुडघे दुखतात, हे कारण आम्हीही मान्य करून टाकले होते.

यंदाच्या सुटीवर एका गोष्टीचे सावट होते. मामा आता राहिले नाहीत. मामेभावाने निरोप धाडला की, घराला व जागेला गिऱ्हाईक आले आहे. तुम्हांस हवे असेल तर तसे सांगा, नाहीतर मी व्यवहार करतो. बंधूंचे मत विकण्याकडे झुकत होते. कौले गळतात, वाळवी लागली आहे, आणि आठ दिवसांसाठी घर कोणी राखावे? ह्यापेक्षा कोकणात चांगल्या निवासात खोल्या घ्याव्यात. आम्हांस उत्तर सुचत नव्हते, कारण त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकरा वर्षांच्या पुतण्याने सहज विचारले, “आजी, तुझं घर कुठं होतं गं?” आईने सूप खाली ठेवले आणि म्हणाली, “चल, दाखवते.”

काठी घेऊन ती उतरली. गाळाची वरची साय वाळून भेगाळलेली असते, आत मात्र तो ओला व खोल असू शकतो. म्हणून मामेभाऊ पुढे काठी रोवीत चालला आणि आम्ही सारे त्याच्या पावलांवर पाऊल टाकीत गेलो. आईने मंदिराच्या दिशेने दुरूनच हात जोडले. मग डावीकडे वळून दगडांच्या एका बुटक्या ओळीशी थांबली. काठीने जमिनीवर टेकवत म्हणाली, “इथं चूल. तिथं माझी आई दळायला बसायची. उंबरा वर आहे, तुम्ही रोज ओलांडता तो.” पुतण्या चुलीच्या जागेवर काही वेळ नुसता उभा राहिला. त्याने भ्रमणध्वनी काढला नाही, ह्याची नोंद आमच्यातील शिक्षकाने केली.

सायंकाळी बंधूंनी विषय काढला तेव्हा आम्हांस वाटले, आई आता घर ठेवा म्हणणार. ती म्हणाली, “विकायचं तर विका रे. मला बघायचं होतं ते बघून झालं. पण पोरांना आधी पोहायला शिकवा. एवढं पाणी उशाशी, आणि एकालाही पोहता येत नाही!”

ह्यावर बंधू बराच वेळ बोलले नाहीत. नंतर त्यांनी वहीचे पान मागितले आणि कौले, वासे व गवंड्याची मजुरी ह्यांचा अंदाज मांडला. खर्च दोघांत निम्मा ठरला. मामेभावास नकार कळविला; तोही हसून म्हणाला, मला हेच ऐकायचे होते.

मृगापूर्वी छप्पर शाकारून झाले. मुलांनी निपाणीत आणि पुण्यात, आपापल्या गावी, जाणत्या शिक्षकाकडे पोहणे शिकावे आणि तोवर जलाशयात पाऊल टाकू नये, असा नियम आम्ही घातला आहे. आता पुन्हा पाणी चढेल, मंदिर बुडेल आणि चुलीची जागाही. पुढल्या मे महिन्यात ती शोधून काढण्याचे काम पुतण्याने आपल्याकडे घेतले आहे. आजीने काठीने दाखविलेल्या खुणांचा नकाशा त्याने वहीच्या त्याच पानाच्या पाठीमागे काढून ठेवला आहे.