न्यूट्रल आणि अर्थिंग

वीजजोडणीविषयी बोलताना 'न्यूट्रल' आणि 'अर्थिंग' हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात. टेस्टर लावला असता एरवी दोन्ही तारांवर दिवा लागत नाही; शिवाय वितरण रोहित्रापाशी न्यूट्रल जमिनीशी जोडलेलाच असतो. त्यामुळे हा गैरसमज स्वाभाविक होय. वस्तुतः दोन्ही तारांची कार्ये भिन्न आहेत.

न्यूट्रल हा विजेच्या नित्य वाटेचा भाग आहे. फेजमधून २३० व्होल्ट दाबाने आलेला प्रवाह दिव्यातून वा पंख्यातून जाऊन न्यूट्रलने रोहित्राकडे परततो. अर्थिंगच्या तारेतून मात्र एरवी प्रवाह वाहणे अपेक्षित नाही. ती उपकरणाचे धातूचे कवच जमिनीशी जोडते. आतील फेज कवचाला लागल्यास प्रवाहाला माणसाच्या देहापेक्षा सोपी वाट मिळावी, एवढ्याचसाठी ती असते. तीन पिनांच्या प्लगमधील अर्थची पिन अधिक लांब असते, तीही कवच सर्वांत आधी जमिनीशी जोडले जावे आणि सर्वांत शेवटी सुटावे म्हणून.

न्यूट्रल तुटल्यावर जमिनीत लोखंडी कांब ठोकून तिच्यावर दिवा चालविणे हा प्रकार घातक आहे. कांबेची तार निसटली, की दिवा विझतो. परंतु त्या सुट्या टोकावर दिव्यामार्गे फेजचा दाब कायम असतो. अर्थिंगचा खर्च वाचविण्यासाठी कवच न्यूट्रललाच जोडणे हेही तितकेच वाईट. न्यूट्रल तुटताच सारे कवच जिवंत होते आणि उपकरण बंद दिसत असल्याने कोणी सावधही राहत नाही.

अर्थिंग केले म्हणजे काम संपले, असेही नाही. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडून त्या वाटेचा एकूण रोध २० ओहम झाला, तर दोषाच्या वेळी ११.५ अँपिअरच प्रवाह वाहील. १६ अँपिअरचा फ्यूज त्याने वितळणार नाही. शाळेत वा ग्रामपंचायतीच्या पंपघरात खड्ड्याला पाणी घालावयाचे ते याचसाठी.

घरगुती जोडणीत ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी हे यंत्र अधिक भरवशाचे. फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला प्रवाह यांत तेवढी तफावत पडताच ते वीज तोडते. यंत्राच्या पुढे न्यूट्रल व अर्थ कोठे एकत्र जोडले गेले असतील, तर परतीचा काही प्रवाह अर्थने जातो आणि यंत्र वारंवार पडते. ते सदोष समजून काढून टाकण्यापूर्वी परवानाधारक तारतंत्र्याकडून ही जोडणी तपासून घ्यावी.