खाऱ्या टाकीतल्या माशांचे रंग का पालटतात

खाऱ्या पाण्यातल्या शोभिवंत माशाचा रंग त्याच्या कातडीतल्या रंगपेशींवर ठरतो. काही पेशींत काळसर मेलॅनिन असते, काहींत पिवळी-लाल रंजकद्रव्ये, तर काहींत ग्वानिनचे चकचकीत स्फटिक. निळा रंग बहुधा रंजकद्रव्याचा नसतोच. या स्फटिकांवरून प्रकाश परतताना तो दिसतो. मँडरिन माशात मात्र खरे निळे रंजकद्रव्य असते, हे 1995 साली कळले. या पेशी आयुष्यभर बदलत असतात. त्यामुळे रंग पालटला म्हणजे मासा आजारीच आहे, असे नव्हे. बदल किती वेगाने झाला, हे आधी पाहावे लागते.

काही मिनिटांत होणारा बदल मज्जातंतूंच्या आणि संप्रेरकांच्या हाती असतो. पेशीतले रंगाचे कण मध्यभागी गोळा झाले की मासा फिका दिसतो, पसरले की गडद. पिशवीतून आणलेला घाबरलेला मासा फिकटतो. अनेक जाती रात्रीही वेगळा रंग धारण करतात, म्हणून सकाळी दिवा लावताच मासा विटलेला वाटतो आणि थोड्या वेळात पूर्ववत होतो. काळजी करावी असे यात काही नाही.

आठवडे-महिने लागतात ते आहाराच्या परिणामाला. लाल, नारिंगी आणि बऱ्याच पिवळ्या छटा कॅरोटिनॉइडमधून येतात आणि ती मासा स्वतः तयार करू शकत नाही. प्रवाळखडकावर ती कोळंबीसारख्या बारीक जिवांतून आणि शैवालातून मिळतात. टाकीत निव्वळ कोरड्या खाद्यावर राहणाऱ्या माशाला ती कमी पडू शकतात. म्हणून आधी लाल-नारिंगी उतरते आणि निळे त्या मानाने टिकते. अ‍ॅस्टॅझँथिन किंवा स्पिरुलिना असलेले खाद्य दिले तर रंग सावकाश परततो. पाळीव सामन माशाचे मांस गुलाबी राहावे म्हणून त्यालाही अ‍ॅस्टॅझँथिन खाऊ घालतात. खोल पाण्यातला मासा प्रखर दिव्याखाली ठेवला तर मेलॅनिन वाढून तो काळवंडू शकतो. निळ्या एलईडीखाली खुलून दिसणारा मासा पांढऱ्या उजेडात साधा वाटतो, तो मात्र केवळ नजरेचा फेर.

पाणी नीट नसेल तरीही रंग उतरतो. मुंबईत 1951 साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाला समुद्र रस्त्यापलीकडेच होता. छत्तीसगडमधल्या भिलाईसारख्या आतल्या शहरापासून मात्र विशाखापट्टणमचा किनारा सरळ रेषेतही चारशेहून अधिक किलोमीटर दूर. इथे समुद्र घरीच बनवावा लागतो: क्लोरीन काढलेल्या, शक्यतो आरओच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम समुद्री मीठमिश्रण. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. मे महिन्यात भिलाईचा पारा चाळिशी ओलांडतो, तर प्रवाळखडकावरच्या बहुतेक माशांना 24 ते 27 अंश पाणी मानवते. पाणी तापले की त्यातला प्राणवायू घटतो, मासा धापा टाकतो आणि फिका पडतो. शिवाय कोरड्या हवेत पाणी उडून जाते, मीठ मागे उरते आणि खारटपणा चढतो. ही तूट गोड्या पाण्याने भरायची असते. खारे पाणी ओतत राहणे ही नवख्यांची नेहमीची चूक.

सर्वांत मोठा पालट वयाचा. पिल्लू असताना एम्परर एंजेलफिश गडद निळा असतो आणि अंगावर पांढरी वर्तुळे असतात. प्रौढपणी त्याच अंगावर पिवळे आडवे पट्टे येतात. दोन्ही रूपे इतकी वेगळी की 1787 मध्ये प्रौढ माशाचे वर्णन झालेले असूनही 1801 मध्ये पिल्लाची निकोबारच्या नावाने वेगळी जात ठरवली गेली. पुढे 1995 मध्ये शिगेरू कोंदो आणि रिहितो असाई या जपानी संशोधकांनी टाकीतल्या एंजेलफिशचे पट्टे टिपले. मासा वाढतो तसे पट्टे रुंद होत नाहीत, त्यांची संख्या वाढते. एखाद्या पट्ट्याला फाटा असेल तर तो चेन उघडावी तसा सरकत जातो. अंगावरची नक्षी कशी उमटते याविषयी गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंग यांनी 1952 मध्ये मांडलेल्या कल्पनेशी हे जुळणारे होते. क्लाउनफिशचे पांढरे पट्टे किती लवकर उमटतात हे पिल्लू कोणत्या समुद्रफुलात राहते यावरही अवलंबून असते आणि त्यामागे थायरॉइड संप्रेरक आहे, असे 2021 च्या एका अभ्यासात आढळले. रास कुळातल्या अनेक माशांत मादीचा नर होतो, तेव्हा रंगही बदलतो.

खरी धास्ती वेगळ्या खुणांची. मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसले तर क्रिप्टोकॅरिऑन आणि मखमली धूळ दिसली तर अमायलूडिनियम या परजीवींचा संशय घ्यावा. दुसऱ्यात मासा फार लवकर दगावतो. सर्जनफिश आणि एंजेलफिशच्या डोक्याभोवतीचा रंग जाऊन तिथे खड्डे पडणे हा निराळा विकार. गाळणीतल्या सक्रिय कार्बनच्या भुकटीशी त्याचा संबंध प्रयोगात दिसला आहे. निकृष्ट आहारावरही संशय घेतला जातो. लवकर लक्षात आले तर कार्बन बदलून आणि आहार सुधारून कातडी बरीच भरून येते. खोल खड्ड्यांचे वण मात्र बहुधा राहतात.