पाण्याविना तीनशे वीस एकर

महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या सज्जनांना. पण सुटका झालेल्यांनी पुढे खायचे काय? हा प्रश्न पुढच्या पिढ्यांनाही सुटला नव्हता. कोलोरॅडो राज्यातल्या उजाड माळावर १९१० साली काही काळ्या कुटुंबांनी त्याचे एक उत्तर शोधून पाहिले. त्या गावाचे नाव डिअरफील्ड.

गाव वसवणारा ऑलिव्हर टूसाँ जॅक्सन हा राज्यपालांच्या कचेरीत निरोप्या होता. बुकर टी. वॉशिंग्टन यांचे आत्मचरित्र वाचून त्याच्या मनाने घेतले, की आपल्या लोकांचे स्वतःच्या मालकीचे गाव हवे. १९०९ च्या कायद्याने सरकार ३२० एकर जमीन देत होते. अट एवढीच, की तिथे राहायचे आणि ती कसून दाखवायची.

बँकेत असताना शेतीकर्जाचा अर्ज समोर आला, की मी एकरांच्या आकड्याआधी विहिरीची नोंद शोधत असे. एकर पाहून डोळे दिपतात, हप्ता मात्र पाण्यावर फिटतो. डिअरफील्डपासून साउथ प्लॅट नदी दूर नव्हती. पण कोलोरॅडोचा कायदा असा, की ज्याने आधी पाणी उचलले त्याचा हक्क आधी. हे लोक पोहोचेपर्यंत त्या नदीचे पाणी आणि काठची चांगली जमीन कधीच वाटली गेली होती. उरले होते ते कोरडवाहू. पाऊस वर्षाला पंधरा इंचांहून कमी. आपला माणदेशही त्यापुढे सुखी म्हणायचा!

पहिल्या हिवाळ्यात सात कुटुंबे होती आणि लाकडी घरे दोन. बाकीचे तंबूत, नाहीतर टेकडीत खोदलेल्या बिळांत. जळणाला रानझुडपे आणि शेणाच्या गोवऱ्या. सहापैकी तीन घोडे उपासमारीने मेले. पुरुष मजुरीसाठी डेन्व्हरला किंवा गोऱ्या शेतकऱ्यांकडे जात, तेव्हा शेत आणि घर बायका सांभाळत. मला या बायकांचे कौतुक जॅक्सनहून अधिक वाटते.

आणि तरी गाव उभे राहिले. गहू, मका, घेवडा, कलिंगडे पिकली. पहिल्या महायुद्धात धान्याला भाव आला. शाळा, चर्च, लोहार, खानावळ झाली. नाचाचा दिवाणखाना असा, की सुटीला डेन्व्हरहून पाहुणे येत. कॉलेज काढायचेही मनात होते.

युद्ध संपले तसे भाव कोसळले, मग पावसाने पाठ फिरवली. पाटाचे पाणी असलेला शेतकरी तगला. इथे मात्र एका वाईट सालातून दुसऱ्यात जायला आधारच नव्हता. १९३० नंतरच्या धुळीच्या वादळांनी उरलेली मातीही नेली. लोक शहराकडे गेले, घरांच्या फळ्या लाकूड म्हणून विकल्या गेल्या. १९४० साली गावात बारा माणसे होती. म्हाताऱ्या जॅक्सनने गाव विकायला काढले, पण गिऱ्हाईक मिळेना. तो १९४८ साली वारला. १९९५ मध्ये ही जागा राष्ट्रीय वारसायादीत आली, तेव्हा तिथे मोजकीच पडकी घरे उरली होती. त्यांत एक जॅक्सनचे होते.