गाईचा विमा कीं औषधाचा डबा?

लातूर जिल्ह्याची देवणी आणि नांदेडची लाल कंधारी ह्या गाईंची थोरवी मराठवाड्यांत निराळी सांगावयास नको. आमच्या दारीं एक देवणी आहे. तिचा विमा उतरावा, कीं हप्त्याचे पैसे औषधपाण्यासाठीं डब्यांत टाकावे, असा वाद आमच्या घरीं महिनाभर चालला होता.

गृहिणीचा पक्ष डब्याचा. आणि तो अगदींच निराधार नव्हता. गोधनाच्या विम्याची भरपाई मुख्यत्वें जनावर दगावल्यावर मिळते. दुखण्यांतून तें उठलें, तर डॉक्टर आणि सलाईन यांचा खर्च धन्याच्याच माथीं. २०२२ सालच्या लंपीच्या सांथींत मृत दुभत्या गाईमागें सरकारनें ३०,००० रुपये देऊं केले खरे; परंतु प्रत्येक दुखण्यांत सरकार असें धांवून येईल, ह्या भरंवशावर कोणीं राहावें?

आमचा पक्ष विम्याचा, जरी पूर्वीं त्यांत आमचेच हात पोळले होते. पहिली गाय गेली, तेव्हां तिच्या कानांतील बिल्ला कधींच गळून पडला होता. बिल्ल्यावांचून दावा फेटाळला गेला!

अखेर हिशेब मांडला. राष्ट्रीय पशुधन अभियानांत २०२४ पासून हप्त्याचा अवघा १५ टक्के भाग पशुपालकाकडे राहिला आहे. तेवढा भरावयाचा, आणि वांचलेली रक्कम डब्यांत टाकावयाची, असें ठरलें. उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयांत गाय न्यावी लागली, तर गाडीभाडें तरी हातीं असेल. कानांतला १२ अंकी बिल्ला मात्र रोज धारेच्या वेळीं आम्ही स्वतः चांचपून पाहतों. गृहिणी हंसते, हंसो बापडी!