टोपली उचलण्याची वेळ

वेळासच्या पुळणीवर मी पावणेसहाला पोचले, तेव्हा कासवांची अंडी राखणारे काका निम्मा किनारा चालून आले होते. एका हातात काठी, दुसऱ्यात विजेरी, कोपराला अडकवलेली बादली. ‘‘माग आहे आज,’’ एवढंच म्हणाले आणि वळले. मी मागोमाग.

ट्रॅक्टरचं एकच चाक समुद्रातून वर यावं आणि वळसा घालून परत पाण्यात जावं, तसा तो माग दिसतो. ऑलिव्ह रिडलेची मादी रात्री आली, मागच्या वल्ह्यांनी खड्डा खणला, अंडी घातली, वाळू ओढून घेतली, अंगानं ठोकली आणि गेली. पुन्हा वळून बघायला ती येत नाही.

खरं कसब पुढे आहे. वाळू विस्कटलेली असते चांगली हात-दोन हात, आणि अंडी त्यात कुठेतरी एकाच जागी. काका काठी नुसती टेकवत गेले. एके ठिकाणी ती जरा सहज आत शिरली, तशी त्यांनी ती बाजूला ठेवली आणि हातानं उकरायला बसले. काठी आणखी रेटली तर अंडं फुटतं. हात कोपरापर्यंत गेल्यावर पहिलं अंडं लागलं: टेबल-टेनिसच्या चेंडूएवढं, पांढरं, बोटानं खळगा पडेल इतक्या मऊ कवचाचं. एकेक काढताना ते मनात मोजत होते, ओठ हलत होते. अंडं ज्या कुशीवर होतं त्याच कुशीवर बादलीत ठेवायचं. घातल्यावर काही तासांत आतला जीव कवचाला वरच्या अंगाला चिकटतो. त्यानंतर अंडं उलटलं तर तो मरतो. मी मदतीला हात पुढे केला, तर ते न बघताच म्हणाले, ‘‘तुम्ही विजेरी धरा.’’

११७ भरली. त्यावर त्याच खड्ड्यातली ओलसर वाळू. मग खड्ड्याची खोली काठीवर मोजून घेतली, कारण सुरूच्या बनाजवळच्या जाळीच्या कुंपणात तेवढाच खोल, तोंडाशी अरुंद आणि तळाशी घागरीसारखा फुगीर खड्डा करायचा. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उबेवर ठरतं. तापलेल्या वाळूत माद्या जास्त. म्हणून मादीनं निवडलेली खोली माणसानं बदलायची नाही. कुत्री, कोल्हे आणि खेकडे यांच्यापासून वाचवण्यापुरती जागा हलवायची, बाकी सगळं तिचंच.

मी इथे आले त्याला कारण एक चित्रपट. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’. २०१७ मध्ये त्याला राष्ट्रीय पुरस्कारांतलं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. ‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘देऊळ’, ‘कोर्ट’ आणि मग हा, पाचवाच मराठी. जीव द्यायला निघालेला एक तरुण (आलोक राजवाडे) तापानं फणफणलेला, रस्त्याकडेला जानकीला (इरावती हर्षे) सापडतो. ती स्वतः नैराश्यातून जेमतेम वर आलेली. ती त्याला कोकणातल्या घरी घेऊन येते आणि नाव-गाव काहीही विचारत नाही. तिचा ड्रायव्हर यदू (किशोर कदम) मनात नसताना या उद्योगात ओढला जातो. पलीकडे किनाऱ्यावर दत्ताभाऊ (मोहन आगाशे) कासवांची अंडी राखत असतात.

पुण्यात पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो फार संथ वाटला होता. खुर्चीत चुळबुळत मी मनात म्हणत होते, अहो, विचारा ना त्याला काहीतरी! आपल्याकडे उंबऱ्यात पाय ठेवणाऱ्याला पाण्याआधी आडनाव विचारतात. आजारी माणसाला तर त्याच्या आजारावरचे उपायही आपणच सांगतो. कासवाचं रूपकही मला जरा जास्त उघडं वाटलं, आणि ते मत अजून बदललेलं नाही. संथपणाबद्दलचं मात्र बदललं, आणि ते या कुंपणापाशी बसून.

इथलं मुख्य काम म्हणजे वाट पाहणं. अंडी पुरली की साधारण ४५ दिवस काहीच करायचं नसतं. पाटीवर तारीख, अंड्यांची संख्या. मग त्या जागेवर टोपली पालथी घालायची आणि रोज सकाळ-संध्याकाळ उचलून बघायची. उकरून बघायचं नाही. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेनं २००२ मध्ये इथे हे काम सुरू केलं तेव्हा अंडी खाण्यासाठी, विकण्यासाठी नेली जात. आज त्याच गावात घरोघरी पाहुणे उतरतात, सोलकढी पितात आणि सात वाजता टोपलीभोवती गोळा होतात.

संतांच्या वाङ्मयात कासवी पिल्लांना दूध पाजत नाही, दुरून नुसत्या नजरेनं पोसते. आजी हे इतक्या खात्रीनं सांगायची की पुढे शाळेत खरं कळल्यावर मला फसवल्यासारखं वाटलं होतं. समुद्री कासवीण तर नजरही टाकत नाही. नजर टाकतात ते काका. आणि चित्रपटात जानकी. खोलीच्या दारात जेवणाचं ताट ठेवून मागे सरणारी बाई हे ‘दुरून पोसणं’ किती कष्टाचं असतं ते दाखवते. सुमित्राबाई मूळच्या समाजकार्याच्या आणि संशोधनाच्या क्षेत्रातल्या, आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. सल्ल्याच्या मर्यादा दोघांनाही पेशानंच शिकवलेल्या असणार.

सातला दिवस भरलेल्या एका जुन्या खड्ड्यावरची टोपली उचलली. वाळूवर करडी-काळी चौदा पिल्लं, तळहातात मावतील एवढी. घमेल्यात घालून ती पाण्याकडे नेली, पण पाण्यात सोडली नाहीत. काही पावलं अलीकडे ठेवली. हा किनारा ओळखून मोठेपणी परत यायचं तर तो आधी चालावा लागतो, असं मानतात. दोरीमागे आम्ही पन्नासेक माणसं. काका पुढे जाऊन वाळूतले पावलांचे ठसे पायानं सपाट करत होते, तरी एक राहिला आणि त्यात एक पिल्लू अडकलं. त्याच्या मानानं ती विहीरच. एक मुलगा कळवळून ओरडला, ‘‘काका, उचला ना त्याला!’’

काका वाकले. पिल्लाला हात लावला नाही. ठशाची समुद्राकडची कड एका बोटानं खाली दाबली आणि उभे राहिले. पिल्लू बराच वेळ तिथेच वल्ही मारत होतं. मग वर आलं. पहिल्या लाटेनं त्याला पुन्हा मागे आणून टाकलं, दुसरीनं नेलं. यांतलं हजारात एखादंच मोठं होतं म्हणतात. मुलगा बापाला विचारत होता, ते कुठलं होतं, ते कुठलं होतं?

२०२२ च्या जानेवारीत याच किनाऱ्यावरच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारं यंत्र बसवून तिला सोडलं होतं. नाव ठेवलं ‘प्रथमा’. बाकीच्यांची नावं कुणी विचारलेली नाहीत.

संध्याकाळी सहाला मी पुन्हा गेले. पाहुणे बहुतेक परतले होते. काकांनी टोपली उचलली. खाली नुसती वाळू. त्यांनी टोपली होती तशी पालथी घातली, वहीत तारखेपुढे शून्य लिहिलं आणि पेन खिशाला लावलं.