‘डोक्यात शिरत नाही’ म्हणू नका

‘पोरगं ढ आहे, अभ्यास डोक्यात शिरतच नाही.’ हे वाक्य मुलांच्या कानावर घरी आणि शाळेत सारखे पडते. त्यामागे जुनी समजूत आहे : बुद्धी जन्माने मिळते, ठरावीक रक्तातच असते. याच समजुतीच्या आधाराने आपल्या पूर्वजांना पाटी-पुस्तकापासून दूर ठेवले गेले. आठवण मेंदूत पक्की कशी होते, याचे विज्ञान मात्र वेगळे सांगते.

आई-वडिलांकडून आलेला डीएनए हा पेशीतला मूळ ग्रंथ समजा. तो पेशीच्या केंद्रकात जपलेला असतो. गरज पडेल तशी त्यातल्या एखाद्या भागाची नक्कल निघते. ती म्हणजे आरएनए. ही नक्कल वाचून पेशी प्रथिने तयार करते. शिकलेले टिकायचे तर मेंदूतील पेशींचे जोड बळकट व्हावे लागतात, आणि त्याला नवी प्रथिने लागतात.

या नकलेवर पेशी बारीक रासायनिक खुणा करते. एक कार्बन आणि तीन हायड्रोजन अणूंचा ‘मिथाइल’ गट आरएनएच्या एखाद्या अक्षराला चिकटतो. अर्जावर ‘तातडीचे’ असा शेरा मारावा, तसेच हे. मजकूर तोच राहतो. पण कोणती नक्कल लवकर वाचायची, किती काळ ठेवायची, हे खुणेवरून ठरते. ही खूण १९७४ पासून माहीत आहे. आठवणीशी तिचे नाते अलीकडे उलगडले.

२०१८ साली उंदरांवरचे दोन प्रयोग प्रसिद्ध झाले. पहिल्यात ही खूण वाचणारे प्रथिन नसलेले उंदीर पाण्यात लपवलेला आधार शोधायला नीट शिकू शकले नाहीत. मोठेपणी त्यांच्या मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागात ते प्रथिन पुन्हा पोचवले, तेव्हा ते सुधारले. दुसऱ्यात, चीनमधील शास्त्रज्ञांनी उंदरांच्या त्याच भागात खूण करणारे प्रथिन कमी केले. त्यांची आठवण कच्ची झाली. पण पुरेसा सराव दिल्यावर हेच उंदीर इतरांच्या बरोबरीला आले.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे. या खुणा वाढवून स्मरणशक्ती देणारे औषध आज बाजारात नाही. तेव्हा ‘बुद्धिवर्धक’ टॉनिकवर कष्टाचा पैसा घालवू नका. त्याऐवजी एवढे करा :

उजळणी वाटून घ्या. एका रात्रीत दहा वेळा घोकण्यापेक्षा चार दिवस थोडे थोडे वाचलेले जास्त टिकते.

झोप मोडू नका. दिवसा शिकलेले झोपेत पक्के होते. रात्री मुले झोपली की टीव्ही आणि मोबाइलचा आवाज बंद करा.

ताट सांभाळा. शरीराला मिथाइल गट तयार करायला फोलेट आणि बी-१२ ही जीवनसत्त्वे लागतात. पालेभाज्या व डाळींत फोलेट, तर अंडी, मासळी, मटण, दुधात बी-१२ मिळते. रक्त कमी असेल तरी अभ्यासात लक्ष लागत नाही. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी मुलांनी टाकून देऊ नये.

एवढे करूनही मूल मागे पडत असेल, तर डोळे, कान आणि रक्त तपासून घ्या. चष्म्याचा नंबर असलेल्या कितीतरी मुलांना आपण उगाच ‘ढ’ ठरवतो.

बाबासाहेबांनी ‘शिका’ म्हटले ते सर्वांना. त्यासाठी मुलाला वेळ, झोप आणि पोटभर जेवण देणे आपल्या हातात आहे.